तिसरी हाक

समुद्रापलीकडच्या एका बेटावर जंगल अजून दाट होतं, त्या काळची गोष्ट. तिथल्या लेमूरांच्या कळपावर झिपरी आत्या पहारा करायची. तिच्याकडे दोनच हाका होत्या. घार दिसली की ‘खाली या’ आणि रानमांजर दिसलं की ‘वर चढा’.

एका सकाळी अख्खं झाडच थरथरलं. बुंध्याशी दोन माणसं करवत ओढत होती.

“आत्या, वर जाऊ की खाली?” पिल्लं रडकुंडीला आली.

वर गेलं तर झाडाबरोबर पडायचं, खाली उतरलं तर माणसांच्या हाती लागायचं. मग आत्यानं कधीच न दिलेली हाक दिली, थेट त्या माणसांना.

करवत थांबली.

“काय म्हणतंय रे ते?” एकानं वर बघत विचारलं.

“काही नाही. तू ओढ.”