आधी तुमच्यावर दाखवा

गडहिंग्लजच्या वत्सलाबाई चौगुले मसाले विकत. नव्या मसाल्याची आमटी करून आधी स्वतः खात, मगच तो गिऱ्हाइकाला देत. मसाल्यांची तीस वर्षांची सगळी मापं घरच्या कॉम्प्युटरवर होती. त्यासाठी अँटिव्हायरस निवडायला त्या कॉम्प्युटर घेऊन पोतनीसांच्या दुकानात गेल्या.

गावात कॉम्प्युटरमधलं आपल्यालाच कळतं, असा पोतनीसांचा तोरा. त्यांनी अँटिव्हायरस कंपनीने तपासणीसाठी दिलेला पेनड्राइव्ह बाईंच्या कॉम्प्युटरला लावला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : चारशे बारा व्हायरस.

"मावशी, हा सगळ्यात महागातला अँटिव्हायरस आजच घ्या, नाहीतर मापं गेलीच समजा. मी स्वतः हाच वापरतो."

पण बाईंची सवय सुटेना. "मग आधी तुमच्या कॉम्प्युटरवर तपासून दाखवा."

दुकानात चार माणसं बघत होती. पोतनीसांनी ऐटीत पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला. तिथेही चारशे बारा.

वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, एकतर तुमचा अँटिव्हायरस कुचकामी आहे, नाहीतर ही मोजणी खोटी आहे. बाहेर गेल्यावर लोकांना यातलं कोणतं सांगू?"

पोतनीसांनी पेनड्राइव्ह काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"मावशी, कॉम्प्युटरसोबत फुकट आलेला अँटिव्हायरस तुम्हाला पुरेल. चालू करून देतो. पण थांबा, आधी माझ्यावर चालवून दाखवतो."