पाच वह्यांतली आई

एकदा एका नदीकाठच्या रुग्णशाळेत एक शिष्य वह्या लिहिण्याचे काम पाहत असे. रुग्णशाळा त्याच्या गुरूंची, एका वृद्ध वैद्यांची. वह्या पाच होत्या: खाटांची, औषधांची, पथ्याची, लेपांची आणि भेटीला येणाऱ्यांची. प्रत्येक वहीत रुग्णाचे नाव, गाव आणि जवळच्या नातलगाचा ठावठिकाणा तो पुन्हा पुन्हा लिही. अक्षर मोत्यासारखे होते, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. अक्षर सुरेख असले की मजकूरही खराच वाटू लागतो, ही लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे.

तिथे केरू नावाचा एक तरुण विणकर ज्वराने पडून होता. त्याची आई धोंडाबाई दर आठ दिवसांनी त्याला भेटायला येई. एका खेपेला ती शिष्याला म्हणाली, "दादा, म्या आता चिंचोलीत न्हाई ऱ्हात. लेकीकडं पळसखेडला गेलीया. तेवढं लिवून ठेवा."

शिष्याने तत्परतेने भेटीची वही उघडली आणि चिंचोली खोडून पळसखेड लिहिले. बाकीच्या चार वह्या सवडीने दुरुस्त करू, असे त्याने ठरवले. ती सवड काही मिळाली नाही.

पुढे केरूचा ज्वर चढला. "आईला बोलवा," एवढेच तो म्हणत राहिला. निरोप्याच्या हाताला पथ्याची वही लागली. त्यात चिंचोली होती, म्हणून तो चिंचोलीला धावला. तिथे दाराला कुलूप. शेजारीपाजारी विचारत तो पळसखेडला पोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते.

धोंडाबाई आली तेव्हा मुलाची खाट धुऊन उन्हात उभी केलेली होती. ती मोठ्याने रडली नाही. खाटेला हात लावून ती शिष्याला म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं की, दादा." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे शिष्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरूंनी पाचही वह्या मागवल्या. शाईत बोरू बुडवून ते एकेक गाव खोडू लागले. केरूच्या आईचे खोडले, तसे सगळ्यांचे खोडले. शिष्याला वाटले, गुरू त्याची चूक झाकत आहेत. क्षणभर त्याला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लगेच लाज वाटली.

"गुरुजी, चूक माझी आहे. ती झाकू नका," तो म्हणाला. "आणि ही तर बरोबर लिहिलेली गावे आहेत."

"आज बरोबर आहेत," गुरू म्हणाले. "तुझी चूक मी झाकत नाही. पण ती घडायची सोय मीच करून ठेवली होती, ही रीत माझी. त्या बाईचे गाव एकच होते, आपण त्याची पाच केली. एक बदलले तेव्हा उरलेली चार खोटी झाली. खोटेही तितक्याच सुरेख अक्षरात होते. निरोप्याने ओळखावे कसे? आता सगळ्यांना पुन्हा विचार. प्रत्येक माणसाला एकाच वहीत एकच पान दे आणि त्या पानाला क्रमांक घाल. बाकीच्या वह्यांत फक्त तो क्रमांक लिही. ज्याला गाव हवे, त्याने त्या पानाशी जावे."

शिष्य खाटेखाटेशी जाऊन विचारू लागला. दिवस कलता कलता तो परत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "केरूची ओळ खोडू ना?"

"खोडू नकोस. तो गेला, असे लिही. आणि त्याच्या आईला पान दे."

"तिचा रुग्ण आता राहिला नाही, गुरुजी. तिचे गाव कशाला लागेल?"

गुरूंनी बोरू खाली ठेवला. "आपण तिला कायम मुलाच्या ओळीच्या शेवटी लिहीत आलो. ती ओळ खोडली की आईही खोडली जाते. अरे, ती आहे अजून."

नव्या वहीत शिष्याने धोंडाबाईचे पान लिहिले. त्याचे अक्षर प्रथमच वाकडे आले. मग केरूचे धोतर आणि कांबळे घेऊन तो स्वतः पळसखेडला गेला. तिने गाठोडे मांडीवर घेतले आणि विचारले, "आता लिवलंय का नीट?"

"एकाच जागी लिहिलंय, मावशी."

"मंग आता निरोप कुनाचा यायचा?"

शिष्य तिच्या ओट्यावर बसला. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. त्यानंतर, ती रुग्णशाळेत येत असे तसा, दर आठ दिवसांनी तो येत राहिला.