पत्ता नसलेलं नाव

फार जुनी नाही, दुकानांत संगणक आले त्यानंतरची ही गोष्ट. एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध कंपाउंडर धर्मादाय दवाखाना सांभाळत. फिट येणाऱ्या दोनशे बारा रुग्णांना दरमहा टपालाने गोळ्या पाठवणे, हेच त्यांचं व्रत. आता माणूस थकला की वह्या जड होतात, हे आम्हा औषधांच्या दुकानदारांना सांगायला नको. त्यांनी संगणक शिकलेली एक शिष्या हाताशी घेतली.

तिने तीन तक्ते केले: रुग्णांचा, पत्त्यांचा आणि गोळ्यांचा. मग तिन्ही जोडणारी एकच क्वेरी लिहिली, म्हणजे संगणकाला एका दमात विचारलेला प्रश्न. कळ दाबली की कोणाला, कुठे, कोणत्या गोळ्या, सगळं एका यादीत हजर! वृद्ध हसून म्हणाले, "पोरी, माझी चार दिवसांची पाठदुखी वाचवलीस बघ."

पाच महिने गेले. एका सकाळी एक गृहस्थ आले आणि त्यांनी रुग्णाचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या. माझ्या बहिणीचं, शेवंताचं."

"बऱ्या झाल्या का त्या?" शिष्येने विचारलं.

"गेली. नवऱ्यानं घराबाहेर काढली म्हणून माझ्याकडं आली होती. गोळ्या यायच्या थांबल्या. आम्हाला वाटलं, तुम्हीच बंद केल्या म्हणजे आता गरज नसंल. परवा विहिरीवर फिट आली."

शिष्येने पाचही महिन्यांच्या याद्या काढल्या. पहिलीत शेवंता होती, पुढच्या चारींत नव्हती. संगणकाने कुठे चूकही दाखवली नव्हती.

गृहस्थ गेल्यावर वृद्ध म्हणाले, "शेवंताच्या गोळ्यांचं पुडकं बांध."

"काका, आता? आणि पत्ता काय घालू?"

"कोरा ठेव."

तिने पुडकं बांधलं. ते हातात घेऊन ती नुसती उभी राहिली.

"ठेववत नाही ना कुठे?" वृद्ध म्हणाले. "सासरच्या पत्त्यावरून शेवंताचं पुडकं परत आलं, तू तो पत्ता खोडलास. पुडकं परत आलं की पत्ता खोडायचा, हा नियम माझाच. पण वहीत पत्ता खोडला तरी नाव राहायचं. ते डोळ्यांना बोचायचं, मग मी शोध घ्यायचो. तुझ्या क्वेरीने तिन्ही तक्त्यांत जो सापडला तेवढाच धरला. पत्ता नाही, म्हणून माणूसच गळाला. यंत्र खोटं बोललं नाही, आपण विचारलंच तसं. रुग्णांचा तक्ता आधी अख्खा घ्यावा, बाकीचं मिळेल ते त्याला जोडावं, न मिळेल तिथे जागा कोरी राहू द्यावी. कोरी जागा आपल्याला खुर्चीवरून उठवते." मग आवाज खाली गेला. "आणि मी काय केलं? दर महिन्याला यादीवर सही. दोनशे बारा भरतात का, एकदाही मोजलं नाही."

तिने क्वेरी बदलली. दोनशे बारा नावं आली. नऊ नावांपुढे पत्ता कोरा होता. शेवंता सोडून उरलेल्या आठांचा जुन्या केसपेपरांवरून माग काढत दोघं एसटीने गावोगाव फिरले. पाच जण सापडले. कुणी माहेरी, कुणी लेकाकडे. तीन ठिकाणी घरच्यांनी आधी पाणी दिलं, मग माणूस गेल्याचं सांगितलं.

परतताना ती म्हणाली, "काका, आता तरी यादी बरोबर आहे ना?"

"आहे." वृद्ध खिडकीबाहेर पाहत राहिले. "पाच महिने मला ती बरोबरच वाटत होती."