गोगलगाई कुणी जगवल्या?

शिकलेल्या माणसांची गोष्ट आहे, तेव्हा जरा सोपी करून सांगतो.

प्रणिता भोयर डॉक्टर झाली; सुई टोचणारी नव्हे, गोगलगाईंवर प्रबंध लिहिणारी. विद्यापीठात संशोधकाची एक जागा निघाली. तिची वयोमर्यादा यंदाच संपत होती. ही जागा हुकली की मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं.

मुलाखतीला समोर तिचेच गाईड, उत्तरवार सर. शेजारी बाहेरगावच्या तज्ज्ञ मॅडम. सरांना त्या जागेवर आपला भाचा बसवायचा होता. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुझ्या नावावर शोधनिबंध किती?"

एकही नव्हता. तिने लिहिलेला प्रत्येक निबंध सरांच्या नावावर छापलेला. हे तोंडाने सांगितलं असतं, तर मानलं कुणी असतं?

"एकही नाही, सर," प्रणिता म्हणाली. "तुमचे वाचूनच शिकले. एक शंका मात्र राहिली. आपली लॅब म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. तरी तुमच्या निबंधात एकही गोगलगाय मेली नाही. कशा जगवल्या?"

मॅडम पुढे सरकल्या. "हो सर, मलाही हेच विचारायचं होतं."

सर पाणी प्याले. पुन्हा प्याले. मग म्हणाले, "ते सगळं हीच बघायची. हिलाच विचारा."

"विचारा ना मॅडम," प्रणिता म्हणाली. "त्यासाठीच तर आले."

मॅडमनी मग पुढचे सगळे प्रश्न प्रणितालाच विचारले.

जागा प्रणिताला मिळाली. अकरा महिन्यांची, कंत्राटी, सरांच्याच हाताखाली. मामाने झेरॉक्स मशीनजवळची खुर्ची अजून हलवलेली नाही.