माशांना उचकी लावणारी येसूआत्या

फार फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता आणि माणसांना घाई नव्हती, तेव्हा कोंडसरी गावात येसूआत्या राहायची. उचकी थांबवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाला ती साखर चाटवी, कुणाला दचकवी. एकदा तर तिनं उचकी लागलेल्या रेड्याला शिंक आणून मोकळं केलं, असं म्हणतात.

गावच्या डोहात मोठाले मासे होते. देवाचे म्हणून त्यांना कुणी धरत नसे. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती रोज त्यांना चुरमुरे घाली.

एके साली विसाजी खोताच्या मनात आलं, व्याह्यांना याच माशांचं कालवण वाढावं. मनात आलं आणि खोताला उचकी लागली. साखर झाली, पाणी झालं, श्वास कोंडून झाला, हटेना. आत्याला बोलावणं गेलं.

"खोत, तुम्ही माशांची आठवण काढताय," ती म्हणाली. "तिकडे त्यांना उचक्या लागल्यात. मुक्या जिवाची उचकी आठवणाऱ्यावर उलटते. जाळं टाकायचं मनातून काढा."

खोत हसायला गेला आणि मध्येच उचकला. "आत्या, उचकी लागली की आपण पाणी पितो. मासा तर... उच्च... जन्मभर पाण्यातच! त्याला कसली उचकी?"

ओटीवरची माणसं खो खो हसली. माशाची उचकी आत्यानं तरी कुठं पाहिली होती? मासे वाचावेत म्हणून तोंडाला आलं ते ती बोलून गेली होती.

"उद्या दाखव," खोत म्हणाला. "नाहीतर जाळं पडलंच म्हणून समज."

सकाळी अख्खं गाव डोहावर. आत्या म्हणाली, "सगळ्यांनी माशांची आठवण काढा." गावानं डोळे मिटले. पाणी ढिम्म. आत्या बघते तर जो तो ओठांवरून जीभ फिरवतोय.

"मेल्यांनो, कोकम घालून नका आठवू!"

मग तिनंच डोळे मिटले. तिच्या तळव्याला तोंड लावणारा म्हातारा मासा तिला आठवला. उद्या तो पातेल्यात असेल, या विचारानं तिनं त्याला आणखीच मनापासून आठवलं. तेवढ्यात पाण्यावर एक बुडबुडा आला. पाठोपाठ तोच म्हातारा मासा पुरुषभर उंच उडाला आणि "उच्चक्!" करून खाली पडला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा... सगळा डोह उचकू लागला, असं म्हणतात. खोत असा दचकला की धोंड्यावरून थेट पाण्यात! वर आला तो उचकीविना. ओलेत्यानंच त्यानं शपथ घेतली, या डोहात जाळं पडणार नाही.

पण मासे काही थांबेनात. एवढं नवल बघितल्यावर गावाला दुसरं काय आठवणार? "आता विसरा रे!" आत्या सांगत सुटली. विसरा म्हटल्यावर कोण विसरतं? मासे दमले. म्हातारा तर उताणा व्हायला लागला. आत्याचा जीव कासावीस झाला. ती गर्रकन वळली आणि ओरडली, "तुळशे, तुझ्या कोंबडीनं काशीच्या अंगणात अंडं घातलं. ते अंडं कुणाचं गं?"

"कोंबडी माझी, अंडं माझं!" तुळशी म्हणाली.

"अंगण माझं, अंडं माझं!" काशीनं पदर खोचला.

झालं! गाव दुभंगलं. जावा भांडल्या, व्याही भांडले, निथळता खोतही भांडला. मासे कुणाच्या ध्यानातच राहिले नाहीत, आणि डोह आरशासारखा निवळला.

आत्याला जाऊन कैक पिढ्या झाल्या. कोंडसरीच्या डोहात अजून जाळं पडत नाही. चैत्रात एका सकाळी गाव तिच्या नावानं चुरमुरे घेऊन जमतं, डोळे मिटून माशांची आठवण काढतं, आणि बुडबुडे आले की गावातली वडीलधारी बाई विचारते, "अंडं कुणाचं?" मग पाणी निवळेपर्यंत सगळे मनापासून भांडतात. एखादा पाहुणा म्हणतो, मासे हवा घ्यायला वर येतात, ती काय उचकी झाली? त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. फक्त एवढंच विचारतात, "पाहुणे, तुम्ही कोंबडीवाल्यांचे की अंगणवाल्यांचे?"