खड्ड्यातला शेवगा

फार जुनी गोष्ट आहे, रानातले रस्ते रानातलेच प्राणी राखायचे तेव्हाची. पाणवठ्याच्या वाटेवर मधोमध खड्डा पडला आणि त्यात सशाचा पाय मोडला. आणखी कुणी पडू नये म्हणून साळूबाई साळिंदरीने खड्ड्यात शेवग्याची फांदी खोचली नि तडक रस्त्यांचे कारभारी रेडेसाहेब यांची कचेरी गाठली.

"अर्ज मिळाला, बाई. पाहणीला येतो," साहेब म्हणाले.

हेलपाटे घालून घालून साळूबाईंची नखं झिजली. पावसाळा आला आणि गेलासुद्धा. शेवटी एकदाचे साहेब वाटेवर येऊन उभे राहिले.

"खड्डा कुठाय?"

"हा काय साहेब, फांदीखाली!"

"फांदी? अहो, हे तर झाड आहे. फुलावर आलंय!"

साळूबाईंच्या अंगावरचा काटान्‌काटा उभा राहिला. फांदीने खरंच मूळ धरलं होतं, आणि भोवती खड्डा तसाच आ वासून होता.

"पण साहेब, कालच इथे हरणाचं पाडस पडलं!"

"त्याला म्हणावं, झाड बघून चाल."

साहेबांनी अर्जावर 'खड्डा आढळला नाही' असा शेरा मारला. जाता जाता मात्र ते कौतुकाने मागे वळले.

"हात चांगला आहे हो तुमचा. बाकीच्या खड्ड्यांतही एकेक लावून टाका."