राणीच्या डोळ्यांखालची खळगी

फार पूर्वी, एका नदीकाठच्या राज्यात एक वेगळी रीत होती. राजा युद्धावर गेला की रणांगणाची वार्ता नगरात कोणी बोलत नसे. कारण बाजारात शत्रूचेही कान असत. राणीला राजाविषयी विचारणे तर अशुभच मानले जाई. मग लोकांना कळावे कसे? राणी रोज सकाळी महालाच्या सज्जात मूकपणे बसे. लोक तिचे मुख पाहत आणि काय ते जाणत. मुख शांत असले, की घरोघर चुली पेटत आणि माग चालू होत.

राजाला जाऊन पुष्कळ काळ लोटला होता. जागरणांनी राणीच्या डोळ्यांखाली खोल खळग्या पडल्या होत्या. लोकांना त्यांची सवय झाली होती. राणीला झाली नव्हती.

एके दिवशी गुप्त निरोप आला. शत्रू हटला होता, पण मोडला नव्हता. जखमींना घेऊन राजा परतत होता. राणीने देवघरात दिवा लावला आणि मग आरसा मागवला.

"दाई, महाराज मला ओळखतील ना?"

"ओळखतील की," म्हातारी दाई म्हणाली. "त्यांचीही दाढी पिकली असेल. आपण ओळखाल ना त्यांना?"

राणी हसली नाही. तिने दूरदेशी विद्या शिकून आलेल्या एका वैद्यीणबाईंना बोलावले. बारीक सुईने त्वचेखाली रस भरून त्या खळग्या बुजवतात, अशी त्यांची ख्याती होती.

वैद्यीणबाईंनी राणीला उजेडात बसवले आणि बोटाने त्वचा हलकेच ताणून पाहिली.

"यात थोडी खोली आहे, थोडा रंग आहे. खोली भरता येईल. काळेपणा या सुईने जात नाही."

"रस कसला असतो?"

"पाणी धरून ठेवणारा, मधासारखा दाट. थोडाच घालायचा. हात सैल सोडला की खळगीच्या जागी पिशवी दिसते."

"टिकतो किती?"

"कोणाला काही महिने, कोणाला वर्षभर, कोणाला त्याहून अधिक. मग शरीर तो हळूहळू पचवते. नकोसा झाला तर विरघळवण्याचे औषध आहे."

"म्हणजे भय नाहीच."

"आहे. रस रक्तवाहिनीत शिरला तर दृष्टीवर बेतते. क्वचित घडते, पण घडते. म्हणून चेहऱ्याच्या शिरा ज्याला पाठ आहेत, त्यानेच ही सुई धरावी."

राणीचे कुतूहल वाढतच होते. "आणि उद्या सकाळी मी कशी दिसेन?"

वैद्यीणबाईंनी हातातली पेटी खाली ठेवली. "उद्या आपण आजच्याहून वाईट दिसाल. डोळ्यांखाली सूज येईल, कदाचित निळे डाग पडतील. खरे रूप कळायला पंधरवडा जातो. तोवर सज्जात बसू नये."

"बसले नाही तर लोक घाबरतील."

"मग महाराज आल्यावर करू."

"महाराज येतील तेव्हाच मला असे दिसायचे नाही. लोक डोळे पाहतात, बाई. डोळ्यांखाली कोण पाहतो?"

"सुई माझ्या हाती आहे, वेळ आपल्या हाती," वैद्यीणबाई म्हणाल्या. त्यांनी नाही म्हणायला हवे होते. त्यांनी आज्ञेपुढे मान तुकवली.

दुसऱ्या सकाळी राणी सज्जात बसली. लोकांनी वर पाहिले. डोळ्यांखाली सूज, त्वचा निळी पडलेली. रात्रभर रडलेल्या विधवेचे मुख असेच असते. विचारणे अशुभ, म्हणून कोणी विचारले नाही. सारे माना खाली घालून परतले. आज लोक लवकर परतले, एवढेच राणीला वाटले. ती आत जाऊन डोळ्यांवर थंड पाण्याची घडी ठेवून पडली.

राजा पडला की शत्रू येणारच. म्हणून नदीवरचा लाकडी पूल तोडायचा, ही पूर्वजांची आज्ञा होती. लोकांनी ती रडत रडत पाळली. नदीला पूर होता; महालात आवाज पोहोचला, तेव्हा पुलाचे खांब वाहून गेले होते.

पुढे राजा जखमींसह पैलतीरी आला. तराफे बांधीपर्यंत धडधाकट माणसे थांबू शकली. जखमींना थांबता आले नाही. पैलतीरी चिता पेटल्या. मग राजा अलीकडे आला.

तोवर सूज पूर्ण उतरली होती. वैद्यीणबाईंचा शब्द न् शब्द खरा ठरला होता. राजाने राणीला तत्काळ ओळखले. पण त्याने तिच्या मुखाकडे फार वेळ पाहिले नाही.

दुसऱ्या सकाळी राणी सज्जात बसली. पैलतीरी ज्यांची माणसे गेली, त्या बायका खाली उभ्या होत्या. राणीचे अंतःकरण जळत होते. मुखावर मात्र थकव्याची रेघही नव्हती.

"आईसाहेब बऱ्या दिसतात," एक बाई म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. त्यानंतर त्या सज्जाखाली कोणी आले नाही.

बोध: देवाने दिलेले रूप सावरण्यात पाप नाही, पण ज्याच्या मुखाकडे पाहून इतर जगतात, त्याने आधी सुजेच्या दिवसांचा विचार करावा, मग रूपाचा.